रेघाताई आणि दोन फुटांचा घोळ

रेघाताईंचं खरं नाव रेघा नव्हतं, आणि लोक समजायचे तसं रेखाही नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या कुणीतरी त्यांनी शाईनं काढलेला नकाशा खिडकीच्या उजेडाला धरला आणि म्हटलं, "रेघ पाहा बाईची! शेजारी केस ठेवला तर केस जाड दिसेल." तेव्हापासून त्या रेघाताई झाल्या. वय होतं वीस. ताई म्हणण्यासारखं त्यांच्यात अजून काही नव्हतं, पण नाव एकदा चिकटलं की डिंकाहून वाईट.

काम ट्रेसरचं. साहेब लोक पेन्सिलनं नकाशा काढत, खाडाखोड करत, त्यावर चहाच्या कपाची वर्तुळं उमटवत. तो कागद बोर्डावर अंथरायचा, वर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि शाईच्या पेननं रेघ न् रेघ वर उतरवून घ्यायची. चुकली तर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची. मग त्या कापडावरून निळ्या प्रती निघत आणि जिथे इमारत उठत असेल तिथे जात. ह्या कामात हात घालायचा, डोकं घालायचं नाही, हा पहिला नियम. रेघाताईंना तो समजावून सांगावा लागला नाही. त्यांचे वडील शिंपी होते. ते म्हणत, "गिऱ्हाइकाच्या मापाचं शिवावं. त्याचं पोट सुटलंय की नाही, हे आपण ठरवू नये."

पण वडिलांकडे कपडा शिवायला येणारं गिऱ्हाईक एका वेळी एकच असायचं. इथे मालक दोन होते.

दोघेही वास्तुशिल्पी, एकाच कॉलेजात एकाच बाकावर शिकलेले, आणि दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलेले, म्हणजे साडू. त्यातले एक साहेब उंच आणि सडपातळ. त्यांना उंची आवडे. छत उंच, खिडक्या उंच, दारंसुद्धा थेट छताला टेकलेली. दुसरे बुटके आणि रुंद. त्यांच्या इमारती जमिनीला बिलगून मांजरासारख्या पसरत: लांबलचक सपाट छप्पर आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेची एकच पट्टी. ऑफिसात एकाला उभे साहेब म्हणत, दुसऱ्याला आडवे साहेब. नावं दोघांच्याही कानावर गेली होती. उभे साहेबांची समजूत होती की आडवे हे नाव स्वभावावरून पडलंय. आडवे साहेबांची समजूत होती की उभे हे नाव उभा दावा मांडण्यावरून पडलंय.

कमान, नक्षी, खांबावरची फुलं ह्या गोष्टी दोघांनाही शिवीसारख्या. काँक्रीट काँक्रीटसारखं दिसावं, वीट विटेसारखी दिसावी, एवढ्यावर एकमत. बाकी कशावर नाही. रेघाताई नोकरीला लागल्या तेव्हा दोघांना एकमेकांशी बोलणं टाकून नऊ वर्षं झाली होती. कारण विचारावं तर प्रत्येकाकडे वेगळं. कुणी म्हणे, एका मासिकात फोटोखाली एकाचंच नाव छापून आलं. कुणी म्हणे, खिडकीच्या चौकटीवरून झालं. निळ्या प्रती निघत त्या छापाच्या खोलीत बसणारे गृहस्थ म्हणत, "काही झालेलंच नाही. एका सोमवारी दोघांनीही दुसरा आधी बोलेल म्हणून वाट पाहिली, आणि अजून पाहतायत."

वेगळं व्हायची मात्र सोय नव्हती. बायका बहिणी. दर रविवारी दुपारी दोन्ही घरं एका टेबलावर जेवत, आणि म्हणे उभे साहेब बायकोला सांगत, "तुझ्या मेहुण्यांना मीठ सरकवायला सांग." आणि आडवे साहेब मीठ सरकवून स्वतःच्या बायकोला म्हणत, "दिलं म्हणावं."

ऑफिसात त्यांची बोलणी चालत ती रेघाताईंच्या बोर्डावर. सकाळी उभे साहेब येऊन एक भिंत सहा इंच पुढे सरकवत. दुपारी आडवे साहेब तीच भिंत सहा इंच मागे घेत, वर पेन्सिलीनं बारीक लिहीत, "का?" दुसऱ्या दिवशी उत्तर असे, "उजेड." तिसऱ्या दिवशी, "पडदा लावा." असं होता होता भिंत कुठेतरी थांबायची, आणि रेघाताई शाईची दौत उघडायच्या. कधी उघडायची हे कुणी सांगत नसे. दोन दिवस कुणी काही खोडलं नाही की त्या समजत, तह झाला.

त्यांच्या धाकट्या बहिणीला हे सगळं अजब वाटे. दोघी बहिणी दोन खोल्यांच्या घरात राहत. धाकटी टेलिफोन एक्स्चेंजात होती. "आमच्याकडे बोलायला लाइन मिळत नाही म्हणून लोक रडतात," ती म्हणे, "आणि तुमच्याकडे शेजारच्या खोलीत माणूस बसलाय तरी कागदावर लिहून विचारतात, का? ताई, तू वेड्यांच्या बाजारात नोकरी करतेस."

"इमारती मात्र चांगल्या होतात गं," रेघाताई म्हणत. आणि ते खरं होतं. का होतात, ते त्यांनाही कळत नव्हतं.

मग सार्वजनिक ग्रंथालयाचं काम आलं. आतापर्यंतचं सगळ्यात मोठं. आत शिरलं की मुख्य हॉल, हॉलमध्ये पुस्तकं देण्याचं काउंटर, काउंटरच्या बाजूनं वरच्या मजल्यावर जाणारा सरळ जिना. भांडण लागलं ते हॉलच्या उंचीवरून. उभे साहेब म्हणत चौदा फूट. वाचणाऱ्याच्या डोक्यावर हवा पाहिजे. आडवे साहेब म्हणत बारा फूट. वाचणाऱ्याला पुस्तकाएवढी जवळीक पाहिजे. पाच आठवडे कागदावर चौदाचे बारा आणि बाराचे चौदा होत राहिले. शेवटी तो कागद त्या जागी इतका खरवडला गेला की फाटला.

इतक्यात उभे साहेबांना परदेशातल्या एका परिषदेचं बोलावणं आलं आणि ते चार महिन्यांसाठी गेले. ते गेल्यावर आठवड्यानं आडवे साहेबांच्या कमरेत उसण भरली आणि डॉक्टरांनी त्यांना फळीवर निजवून ठेवलं. आडवे साहेब खरोखरच आडवे झाले, असं म्हणून ऑफिस दोन दिवस हसलं. तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा निरोप आला, की नकाशे शुक्रवारी हातात पडले पाहिजेत.

रेघाताईंनी ग्रंथालयाचा गठ्ठा उघडला. उभे साहेबांनी जाताजाता काढलेला उभा छेद होता, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यासारखा नकाशा; त्यात हॉल चौदा फूट. आडवे साहेबांनी पडण्याआधी काढलेला जिन्याचा नकाशा होता. दोन्हींच्या कोपऱ्यात दुरुस्तीचा एकच आकडा लिहिलेला, सात. तारीख कशावरच नाही. त्यांनी आडवे साहेबांच्या घरी फोन केला. फोन त्यांच्या बायकोनं घेतला, निरोप पलंगापर्यंत नेला, उत्तर आणलं.

"शेवटचा जो असेल तो घ्या म्हणतायत."

"पण शेवटचा कोणता?"

बाई आत गेल्या, परत आल्या. "सातवा, म्हणतायत."

रेघाताईंनी सोमवारी छेद शाईत उतरवला आणि बुधवारी जिना. दोन्ही कागद सात नंबरचे, दोन्ही ग्रंथालयाचे. बुधवारी जिन्याच्या चोवीस पायऱ्या काढताना सोमवारचे चौदा फूट त्यांच्या मनात आले का? पुढे आयुष्यभर त्यांनी स्वतःला हे विचारलं. सहा इंचाची एक पायरी. चोवीस पायऱ्यांचे होतात बारा फूट. हे गणित तिसरीतल्या मुलीला येतं. पण त्यांचं काम उतरवण्याचं होतं, गणिताचं नव्हतं, आणि रेघ उत्तम आली होती. गठ्ठा शुक्रवारी गेला.

अडीच महिन्यांनी साइटवरून मुकादमाचा फोन आला.

"ताई, साहेब आहेत का?"

"एक परदेशात, एक पलंगावर. काय झालं?"

"तुम्हीच या मग. जिना हवेत लटकतोय."

रेघाताई बसनं गेल्या. साइटवर त्या आयुष्यात पहिल्यांदाच जात होत्या. इतकी वर्षं त्यांनी भिंती काढल्या होत्या, पण त्यांना भिंत म्हणजे दोन समांतर रेघा आणि मधे तिरप्या रेघोट्या. इथे भिंत थंड होती, ओली होती, तिला वास होता. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांना काही ओळखूच येईना. हे त्यांनीच काढलेलं होतं, पण कुठे उभं राहिलं म्हणजे नकाशासारखं दिसेल, ते समजेना. आणि हॉलच्या आतल्या अर्ध्या भागात मातीचा मोठा ढीग.

मुकादम पन्नाशीचा, आवाज खडीसारखा. त्यानं भिंतीवर खडूनं जिना आखला होता. "हे बघा. वरून मोजत आलो तर चोविसावी पायरी जमिनीपासून दोन फूट वर संपते. खालून मोजत गेलो तर वर पोचलेला माणूस मजल्याच्या दोन फूट खाली राहतो. त्यानं काय कठड्यावर चढून वर जायचं?"

रेघाताईंनी दोन्ही नकाशे उलगडून धरले. चौदा. चोवीस. चौदा. चोवीस. सगळं स्वच्छ, सुंदर, शाईत.

"अजून चार पायऱ्या घातल्या तर?" त्यांनी विचारलं.

"पुढे काउंटरची वीट चढलीय. चार पायऱ्या पुढे आल्या की शेवटची पायरी काउंटरच्या पोटात. आणि जिन्याच्या काँक्रीटच्या पायऱ्या ओतून झाल्यात, चोवीसच." त्यानं बाहेर रांगेत मांडलेल्या पायऱ्या दाखवल्या. ओली पोती पांघरून आजारी माणसांसारख्या निजल्या होत्या.

"माझी चूक आहे," रेघाताई म्हणाल्या.

"चूक कुणाची ते नंतर बघू. आता काय करू ते सांगा."

त्यानंतर काय झालं, हे रेघाताईंना कधीच नीट सांगता आलं नाही. एवढं आठवे, की त्या दोघांनी खूप वेळ तो मातीचा ढीग पाहिला. जमीन अजून व्हायची होती, त्याआधी तो ढीग बाहेर काढायचा होता. मुकादम म्हणाला, "इथली माती काढायच्या ऐवजी राहू दिली तर?" की त्याच म्हणाल्या, "हा ढीग इथेच असू दे"? की तो नुसता ढिगाऱ्यावर बसला आणि त्याचे पाय लटकताना पाहून त्यांना सुचलं? सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचा कागद फाडून त्यावर त्यांनी काहीतरी काढलं, एवढं नक्की. हॉलची अर्धी जमीन दोन फूट वर घ्यायची. काउंटर वर, जिना तिथूनच सुरू. दारातून आत आलं की हॉल चौदा फूट, मग हॉलच्या पूर्ण रुंदीभर चार लांब पायऱ्या, त्या चढलं की काउंटरपाशी बारा फूट. चोवीस पायऱ्या बरोब्बर पुरतात.

"बसतंय बुवा," मुकादम म्हणाला. "पण मला साहेबांची सही पाहिजे. पोत्यावर नाही, कापडावर."

दोन दिवसांत रेघाताईंनी तो नकाशा शाईत काढला. खाली कुणाचाच कागद नसताना कापड ताणायची त्यांची ही पहिलीच वेळ. पांढऱ्या बोर्डाकडे पाहून त्यांचा हात तीनदा थांबला. कोपऱ्यातल्या चौकटीत 'काढले' आणि 'तपासले' असे दोन रकाने असत. 'काढले' त्यांनी कोरंच ठेवलं, आणि कबुली द्यायची असं ठरवून गुंडाळी घेऊन आडवे साहेबांच्या घरी गेल्या.

साहेब फळीवर उताणे पडले होते. उशी घ्यायचीही बंदी. त्यांनी हात वर करून नकाशा तोंडावर छत्रीसारखा धरला. रेघाताईंना फक्त कापडाची मागची बाजू दिसत होती.

"साहेब, मला सांगायचं होतं—"

"तिकडून पाठवलं त्यांनी?" कापडामागून आवाज आला.

"कुणी?"

"कुणी काय! आमचे साडू." कापड खाली आलं. साहेबांचे डोळे चमकत होते. "माझे बारा फूट दिले. इतक्या वर्षांत मला ह्या माणसानं खिळा दिला नाही, आणि आता बारा फूट! आणि पठ्ठ्यानं स्वतःचे चौदाही सोडले नाहीत. पेन आणा."

"साहेब, ते त्यांनी नाही, माझ्याकडून—"

तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. "अगं, तुझ्या मेहुण्याची कमाल बघ," म्हणत साहेबांनी पडल्या पडल्या सही ठोकली. रेघाताईंनी चहा घेतला. घोटाघोटाला त्यांना वाटत होतं, आता सांगू, हा घोट झाला की सांगू. कप रिकामा झाला. सही वाळली. त्या जिना उतरून रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांना स्वतःचा राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्यांना काय वाटतंय हेच समजत नव्हतं.

महिन्याभरानं उभे साहेब परतले. बॅगा घरी टाकून आधी साइटवर गेले आणि तिथून ऑफिसात. थेट रेघाताईंच्या बोर्डापाशी येऊन उभे राहिले. बुटांना चुन्याची धूळ.

"हे त्यानं पलंगावर पडून काढलं?"

"साहेब, तसं नाही ते. चूक माझी झाली. मी सोमवारी छेद तुमचा घेतला आणि बुधवारी जिना—"

उभे साहेबांनी हात वर केला. हसले. "रेघाताई, तुमच्या हातून चूक? त्यानं तुम्हाला सांगून ठेवलेलं दिसतंय, माझं नाव घेऊ नका म्हणून. हट्टी आहे. चौदा फूट दिले मला, आणि वर कबूल करायला लाजतो."

"नाही हो साहेब, खरंच—"

पण ते वळले होते. त्या दिवशी आडवे साहेब पट्टा बांधून पहिल्यांदा ऑफिसात आले होते. उभे साहेब त्यांच्या दारापाशी थांबले, मूठ वर केली, खाली घेतली, पुन्हा वर केली आणि दार वाजवलं. सगळ्या ऑफिसची पेनं थांबली. आत गेले, दार लागलं. पंधरा मिनिटं काहीच ऐकू येईना. मग आडवे साहेबांचा आवाज चढला: "अहो, कल्पना तुमची!" मग उभे साहेबांचा: "उगीच नम्रपणा नको. तुमची!" छापाच्या खोलीतले गृहस्थ दाराशी कान लावून आले आणि म्हणाले, "भांडतायत. पण ह्या वेळी उलटं भांडतायत."

त्या आठवड्यापासून दोघे बोलू लागले. पुढची सतरा वर्षं बोलत राहिले, एका टेबलावर बसून. वाद काही थांबले नाहीत, पण आता त्यांना आवाज होता. जो तो कल्पना दुसऱ्याची म्हणायचा आणि दुसरा ती नाकारायचा, आणि दोघेही हा समोरच्याचा मोठेपणा समजायचे.

रेघाताईंनी घरी धाकटीला सगळं सांगितलं.

"मग पुन्हा सांग जाऊन," धाकटी म्हणाली. "दोघांना समोरासमोर बसव आणि सांग."

"आणि पुन्हा बोलणं टाकलं त्यांनी तर?"

"मग सांगू नकोस."

"पण ते खोटं होईल ना?"

"तू खोटं कुठे बोललीस? तू खरं बोललीस, त्यांनी मानलं नाही. ताई, तुला नक्की काय पाहिजे? शाबासकी की शिक्षा?"

रेघाताईंच्या हातातली भाजी अर्धी निवडून राहिली. त्यांना ह्याचंच तर उत्तर सापडत नव्हतं. चूक होती म्हणावं तर लोक त्या हॉलचं कौतुक करत होते. कल्पना होती म्हणावं तर ती मुकादमाची होती की त्यांची? आणि नुसता ढीग होता म्हणावं, तर ढिगाला कोण शाबासकी देणार?

ग्रंथालय उघडलं. त्या चार लांब पायऱ्यांवर लोक बसू लागले. बाकं रिकामी आणि पायऱ्या भरलेल्या. मुलं पोटावर पडून वाचायची, म्हातारे एका पायरीवर बसून दुसरीवर वर्तमानपत्र पसरायचे. मासिकांत फोटो आले, खाली दोघांची नावं. ग्रंथपाल बाई मात्र वैतागल्या होत्या. पुस्तकांची ढकलगाडी दिवसातून वीस वेळा चार पायऱ्या चढवावी लागे. "ज्या कुणी हे काढलं," त्या म्हणायच्या, "त्याला एक दिवस ही गाडी ढकलायला लावा." हे रेघाताईंच्या समोर म्हणाल्या तेव्हा रेघाताईंनी मुकाट्यानं गाडीचं एक टोक धरलं आणि वर चढवून दिली.

दुसऱ्या वर्षी एक म्हातारे वाचक पायरी चुकून पडले आणि मनगट मोडलं. साहेबांनी पत्र लिहून दिलगिरी कळवली. रेघाताईंना मात्र घास गोड लागेना. कौतुक झालं तेव्हा ते साहेबांचं होतं, त्यात त्यांना काही वाटलं नव्हतं, पण मनगट मात्र आपलं वाटलं. पत्ता काढून त्या म्हाताऱ्यांच्या घरी गेल्या.

"ती पायरी माझ्यामुळे आहे," त्या दारातच म्हणाल्या.

म्हातारे गोंधळले. "तुम्ही गवंडी आहात?"

"नाही. मी ट्रेसर आहे. म्हणजे मी रेघा काढते."

"मग रेघेवरून कोण पडतं, बाई? मी पुस्तक वाचत चालत होतो. प्रकरण रंगात आलं होतं." आणि त्यांनी आत वळून सुनेला चहा टाकायला सांगितलं.

काळ गेला. आडवे साहेब आधी गेले, वर्षभरात उभे साहेब. ऑफिस बंद झालं, बोर्ड विकले गेले. रेघाताई निवृत्त झाल्या, धाकटीही झाली. दोघी त्याच दोन खोल्यांत राहिल्या. रेघाताईंच्या हाताला आता कंप होता. चहा त्या दोन्ही हातांनी धरून पीत.

त्यांना एकोणऐंशीवं लागलं त्या वर्षी एक मुलगी दारात आली. काखेत गुंडाळी, खांद्याला पिशवी. ती त्या दोन साहेबांच्या कामावर अभ्यास करत होती, आणि त्यांच्या इमारतींचं एक प्रदर्शन भरायचं होतं.

"आजी, त्या ऑफिसातलं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही," ती म्हणाली. "मला फक्त एक गोष्ट हवीय. ग्रंथालयाचा हॉल कुणाचा? फोटोखाली लिहायला एकच ओळ आहे."

इतक्या वर्षांत हा प्रश्न सरळ तोंडावर कुणी विचारला नव्हता. रेघाताईंनी सगळं सांगितलं: सोमवार, बुधवार, चोवीस पायऱ्या, ढीग, पोत्याचा कागद. मुलगी लिहीत होती. लिहिता लिहिता थांबली.

"मुकादमांच्या मुलाला मी भेटले," ती म्हणाली. "तो म्हणतो, वडील सांगायचे, ती अक्कल माझी होती. नकाशाच चुकला होता, मीच निभावलं."

"असेल," रेघाताई म्हणाल्या. "तसं असू शकेल."

"आणि हे उभे साहेबांच्या घरच्या कागदांत सापडलं." तिनं पिशवीतून एक जुनं पाकीट काढलं. पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीचं तळहाताएवढं चित्र. एक हॉल, अर्धा वर, अर्धा खाली, मध्ये लांब पायऱ्या. दोन आकडे: चौदा आणि बारा.

रेघाताईंनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "कधीचं आहे हे?"

"तेच तर कळत नाही. शिक्का पुसलाय. आधीचं असेल तर कल्पना त्यांची, आणि तुम्ही कदाचित ते बोर्डावर पाहिलं असेल. नंतरचं असेल तर त्यांनी नुसतं आठवून काढलं असेल. तुम्ही पाहिलं होतं का हे, आजी? आधी?"

रेघाताई चित्राकडे पाहत राहिल्या. आकडे आडवे साहेबांच्या वळणाचे वाटत होते. रेघा उभे साहेबांच्या. पायऱ्यांखालच्या तिरप्या रेघोट्या अगदी त्यांच्या स्वतःच्या हातासारख्या होत्या, पण त्या तर त्यांनीच ह्या साहेबांकडून उचलल्या होत्या. बोर्डावर पाहिलं होतं? पाच आठवडे त्या बोर्डावर काय काय आलं आणि खोडलं गेलं. ओळखीचं वाटत होतं खरं. पण ते आता पाहिलं म्हणून ओळखीचं, की तेव्हा पाहिलं होतं म्हणून?

"मला माहीत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "खोटं नाही सांगत गं. पन्नास वर्षं मला वाटायचं, मला माहीत आहे आणि कुणी विचारत नाही. आता तू विचारलंस आणि मला माहीत नाही."

"ताई!" धाकटी स्वयंपाकघरातून ओरडली. "तू काढलंस ते! मला त्याच दिवशी सांगितलंस तू. लिही गं मुली, हिनं काढलं."

"मी तुला चूक झाली एवढंच सांगितलं होतं."

"तेच ते!"

मुलगी दोघींकडे आळीपाळीनं पाहत होती. वही मिटून ती म्हणाली, "मी काहीतरी करते."

प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. पहिल्या दिवशी गर्दी असते म्हणून दोघी एका मंगळवारी दुपारी गेल्या. ग्रंथालयाच्या फोटोखाली ओळ होती: 'मुख्य हॉल. रचना कार्यालयात विकसित झाली.' धाकटीनं ती दोनदा वाचली.

"कार्यालयात म्हणे! कार्यालयाला काय हात असतात?"

"आम्ही सगळे त्यात आलो ना पण," रेघाताई म्हणाल्या. आपल्याला बरं वाटतंय की वाईट, ते त्या तपासत होत्या. थोडं बरं होतं. थोडं नव्हतं. मुकादमही त्यात आला का, हे त्यांना ठरवता येईना. तो तर ऑफिसात कधीच आला नव्हता.

फोटोच्या शेजारी काचेच्या पेटीत हॉलचा लाकडी नमुना होता. रेघाताई वाकल्या. बोट काचेला टेकवून मोजू लागल्या.

"पाच आहेत," त्या म्हणाल्या.

"काय पाच?"

"पायऱ्या. चार होत्या. ह्यानं पाच केल्यात."

"काचेला हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"अहो, पण ह्या चुकल्यात."

"बाई, हे मोठ्या लोकांनी बनवलंय."

"मोठी माणसंच चुकतात," धाकटी म्हणाली. पण रेघाताई मनात पुन्हा मोजत होत्या. चारच होत्या ना? दोन फूट, सहा इंचाची एक. चार. पण पोत्यावर काढल्या त्या चार, कापडावर काढल्या त्या चार, आणि झाल्या किती? इतक्या वेळा त्या तिथे बसल्या, मोजल्या कधी?

"चल," धाकटी म्हणाली. "समोरून बस जाते."

ग्रंथालयात दुपारची शांतता होती. पायऱ्यांवर नेहमीसारखी माणसं पसरली होती. एका बाजूला ढकलगाडीसाठी आता एक उतार केला होता, त्याला लोखंडी कठडा. दोघी बहिणी खालच्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. रेघाताईंनी काठीनं मोजलं: एक, दोन, तीन, आणि वरची जमीन, चार.

"चार," त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या.

धाकटी वर चढून गेली आणि वरच्या जमिनीला पहिलं धरून उतरत आली, प्रत्येक पावलाला एक बोट मिटत. खाली येऊन उभी राहिली. "पाच."

"अगं, खालची जमीन धरलीस तू. ती पायरी नव्हे."

"मग वरची का धरलीस? वरचीही जमीनच आहे."

"वरची धरतात."

"का?"

सगळी नोकरीभर रेघाताईंनी पायऱ्या काढल्या होत्या, आणि वरची धरतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. का धरतात, ते मात्र त्या क्षणी काही केल्या आठवेना. दुसऱ्या पायरीवर वाचत बसलेल्या एका बाईनं पाय जवळ घेतले आणि म्हटलं, "आजी, बसा ना, बसून मोजा." दोघी बसल्या, आणि रेघाताई पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगू लागल्या.